कच्च्या वर्णपटाचा खोटा प्रामाणिकपणा

सिग्नल प्रोसेसिंगच्या वर्गांत, कारखान्यांच्या कंपनमापन विभागांत आणि संशोधकांच्या चर्चांत एक मत वर्षानुवर्षं टिकून आहे. फूरिये विश्लेषणाआधी डेटाला विंडो लावणं म्हणजे मोजलेल्या आकड्यांशी छेडछाड, असं हे मत. यंत्रानं जे नोंदवलं ते जसंच्या तसं एफएफटीला (जलद फूरिये रूपांतराला) द्यावं; दोन्ही कडांचे नमुने दाबत दाबत शून्यावर आणायचे आणि मधल्यांनाच महत्त्व द्यायचं, याला मोजमाप कसं म्हणायचं, असा या मताच्या लोकांचा सवाल असतो. इतकं टोकाचं ज्यांना बोलवत नाही ते म्हणतात, विंडो लावा, पण कोणती लावता यानं फारसं बिघडत नाही, सॉफ्टवेअरनं दिलेली ठेवा आणि पुढे चला. तिसरा एक गट विंडोंच्या गुणधर्मांचा तक्ता उघडतो, साइडलोबचा (मुख्य शिखराशेजारच्या उंचवट्यांचा) सर्वांत खालचा आकडा शोधतो आणि तीच विंडो सर्वोत्तम ठरवतो.

तिन्ही मतं चुकीची आहेत आणि तिन्हींच्या मुळाशी चूक एकच आहे. वर्णपटाला काय विचारायचं आहे हे ठरण्याआधीच उत्तर ठरवून टाकलेलं असतं. त्यातलं पहिलं मत सर्वांत घातक. ते प्रामाणिकपणाच्या नावानं मांडलं जातं, त्यामुळे नवख्या विद्यार्थ्याला चटकन पटतं. आणि त्यातून होणारी चूक आलेखावर चूक म्हणून ओळखू येत नाही.

विविक्त फूरिये रूपांतराला हातातल्या तुकड्याबाहेरचं काहीच ठाऊक नसतं. एक सेकंदाची नोंद दिली, तर तोच सेकंद मागे-पुढे अनंत वेळा घडतो असं धरून ते हिशेब करतं. कागदी पट्टीची दोन टोकं चिकटवून कडं करावं, तसं नोंदीचं शेवटचं टोक पहिल्याला जोडलं जातं. नोंदीत लहरीची आवर्तनं पूर्ण बसली असतील तर जोड कळत नाही. साडेदहा आवर्तनं बसली असतील तर जोडावर लहर मोडते. ही मोड मूळ सिग्नलमध्ये कधीच नव्हती, ती नोंद कापल्यामुळे आली. रूपांतराला मात्र ती खरीच वाटते, आणि तिचा हिशेब लावण्यासाठी ते एका वारंवारतेची ऊर्जा साऱ्या वर्णपटभर पसरवतं. हीच वर्णपटातली गळती.

आता ‘डेटाला हात लावायचा नाही’ या भूमिकेकडे पाहावं. नोंद सुरू होण्याआधीच्या प्रत्येक क्षणाला शून्यानं गुणलं, नोंदीतल्या प्रत्येक क्षणाला एकानं, आणि नंतरच्या प्रत्येक क्षणाला पुन्हा शून्यानं. हीच आयताकृती विंडो. नोंदीचं बटण दाबलं आणि सोडलं, त्याच वेळी ती लागलेली असते. तिचे गुणधर्म इतर कुठल्याही विंडोसारखेच मोजता येतात: पहिला साइडलोब मुख्य शिखराच्या फक्त १३.३ डेसिबल खाली, आणि पुढचे साइडलोब दर ऑक्टेव्हला जेमतेम ६ डेसिबलनं उतरणारे. विंडो न लावण्याचा पर्याय फूरिये विश्लेषणात उपलब्धच नाही. विंडो माणसानं विचार करून निवडली की कापणीनं परस्पर निवडली, एवढाच प्रश्न उरतो.

हे आकड्यांत पाहायचं तर फ्रेडरिक हॅरिस यांच्या निबंधाकडे जावं लागतं. ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द आयईईई’च्या जानेवारी १९७८ च्या अंकात आलेल्या या निबंधात त्यांनी तोवर वापरात असलेल्या विंडोंची सविस्तर तुलना केली आणि त्यांना एका चाचणीतून काढलं. चाचणीत दोन सूर आहेत. एकाचा आयाम १, दुसऱ्याचा ०.०१, म्हणजे ४० डेसिबल खाली. मोठा सूर बरोबर दहाव्या बिनवर (बिन म्हणजे वर्णपटाचा एक खाना; नोंदीत बरोबर दहा आवर्तनं बसणारी लहर दहाव्यात पडते) आणि लहान सोळाव्या बिनवर असेल तर आयताकृती विंडोतही दोन्ही स्वच्छ दिसतात. मग मोठा सूर फक्त अर्ध्या बिननं सरकवायचा, १०.५ वर न्यायचा.

आता दोघांत साडेपाच बिनचं अंतर आहे. एवढ्या अंतरावर आयताकृती विंडोची गळती मोठ्या सुराच्या सुमारे ०.०५८ पट असते. लहान सूर अवघा ०.०१ चा. म्हणजे गळती त्या सुराच्या जवळजवळ सहापट. सूर डेटामध्ये आहे, व्यवस्थित नोंदवला गेला आहे, एकाही नमुन्याला कुणी हात लावलेला नाही, आणि वर्णपटात तो सापडत नाही. त्याच डेटाला कडांना अलगद शून्यावर येणारी हान विंडो लावली की त्या जागी गळती ०.००२ वर येते आणि लहान सूर तिच्या पाचपट उंच उभा राहतो. हॅमिंग विंडोत गळती ०.००७ च्या आसपास राहते. सूर दिसतो, पण निसटता.

पहिल्या मताचा उगम दहाव्या बिनवरच्या त्या सोयीच्या स्थितीत आहे. पाठ्यपुस्तकातलं नेहमीचं उदाहरण आठवावं: ५० हर्ट्झची साइन लहर, एक सेकंदाची नोंद, आलेखावर एकच सुबक रेघ. विद्यार्थी हे पाहतो आणि विंडो लावल्यावर तीच रेघ तीन बिनवर पसरलेली पाहतो, तेव्हा विंडोनंच चित्र बिघडवलं असं त्याला वाटणं स्वाभाविक आहे. पण नोंदीत पूर्ण आवर्तनं बसवण्याचं बंधन निसर्गावरही नाही आणि वीज मंडळावरही नाही. भारतीय ग्रिड संहितेनं वारंवारतेसाठी आखलेला पट्टाच ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ असा आहे. प्लगमधून येणारी वीज नेमकी ५० हर्ट्झवर थांबून राहत नाही.

या मतामुळे केवढा घोळ होऊ शकतो याचं जगानं पाहिलेलं उदाहरण २०१७ चं आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथल्या लायगो शोधक यंत्रांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. दोन ठिकाणच्या नोंदींत सुमारे सात मिलिसेकंदांचं अंतर होतं, आणि सिग्नल एक पंचमांश सेकंदात ३५ हर्ट्झवरून २५० हर्ट्झपर्यंत चढला होता. हा डेटा सर्वांसाठी खुला करण्यात आला. जून २०१७ मध्ये कोपनहेगनच्या नील्स बोर इन्स्टिट्यूटमधल्या पाच संशोधकांनी त्याच डेटाच्या आधारे एक गंभीर आक्षेप मांडला. त्यांच्या निबंधातल्या एका आकृतीत फूरिये घटकांचे फेज दाखवले होते. निखळ नॉइजचे फेज हवे तसे विखुरलेले असायला हवेत. इथे ते एकमेकांशी सुसंगत दिसत होते. लायगोचा नॉइज लायगोवाले समजतात तसा नाहीच, असा त्याचा अर्थ निघत होता, आणि तो खरा असता तर शोधावरच्या विश्वासालाच धक्का बसला असता.

लायगोच्या चमूतले इयन हॅरी यांनी काही दिवसांतच उत्तर दिलं. फूरिये रूपांतराआधी डेटाला विंडो लावलेली नव्हती, आणि फेजमधली शिस्त तिथून आली होती. लायगोचा नॉइज सगळ्या वारंवारतांवर सारखा नसतो. जमिनीच्या हालचालींमुळे खालच्या वारंवारतांवर तो वरच्यांच्या मानानं प्रचंड असतो. त्यामुळे नोंद एका पातळीवर सुरू होते आणि भलत्याच पातळीवर संपते. कडं जोडलं की जोडावर मोठी उडी येते. उडी एकाच क्षणी घडत असल्यामुळे तिचे सगळे घटक त्या क्षणाशी बांधलेले असतात, आणि म्हणून त्यांचे फेज शिस्तीत लागतात. आकृतीत दिसलेली शिस्त कापणीची होती. विंडो लावली की ती नाहीशी होते.

ज्याला शंका असेल त्यानं हे स्वतः करून पाहावं. साधा लॅपटॉप पुरतो. निखळ यादृच्छिक नॉइज तयार करायचा, खालच्या वारंवारतांना जास्त वजन देऊन त्याला तीव्र उतार द्यायचा, त्या लांब नोंदीतून मधलाच एक तुकडा कापायचा आणि विंडोशिवाय रूपांतर करायचं. ज्यात कुठलाही सिग्नल नाही अशा डेटातही फेज एकमेकांना धरून चालताना दिसतील.

कोपनहेगनच्या गटावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवायला हवी. सिग्नल वजा केल्यावर दोन्ही शोधकांच्या उरलेल्या डेटात साम्य आढळतं, हा त्यांचा दुसरा आक्षेप वेगळा होता आणि त्यावरची चर्चा पुढे बराच काळ चालली. नीलसन, निट्झ, कपानो आणि ब्राउन यांनी २०१९ मध्ये केलेल्या विश्लेषणात असं अर्थपूर्ण साम्य सापडलं नाही. खुल्या डेटाची अशी परखड तपासणी होणं विज्ञानाच्या हिताचंच आहे. पण फेजच्या आकृतीपुरतं बोलायचं तर ‘कच्चा’ वर्णपट तिथे खोटं बोलला, आणि तोही अनुभवी भौतिकशास्त्रज्ञांशी.

या प्रकरणामागे एक सर्वसाधारण नियम आहे आणि तो भूकंपशास्त्रापासून समुद्राच्या लाटांपर्यंत सगळीकडे लागू पडतो. आयताकृती विंडोची गळती आयामाच्या हिशेबात वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे दर दशपटीला २० डेसिबलनं उतरते. खरा वर्णपट याहून वेगानं उतरत असेल, तर एका टप्प्यानंतर आलेखावर जे दिसतं ती सगळी गळतीच असते. मग खरा उतार ४० चा असो वा ६० चा, कच्चा आलेख २० च दाखवत राहतो. त्या सरळ, देखण्या रेषेवरून कुणी निसर्गनियम मांडायला निघालं तर तो नियम कात्रीचा असेल.

पहिल्या मताच्या बाजूनं एक मुद्दा खरोखर दमदार आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. विंडो लावली की कडांवरच्या माहितीचं वजन घटतं. हान विंडोची समतुल्य नॉइज-रुंदी १.५ बिन आहे, आयताकृतीची १. म्हणजे नॉइजमध्ये बुडालेला एकच सूर शोधायचा असेल तर हान विंडो १.७६ डेसिबलची किंमत वसूल करते. ही किंमत खरी आहे, पण ती भरून काढण्याचे मार्गही जुने आहेत. पीटर वेल्च यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत नोंदीचे तुकडे एकमेकांवर चढवून घेतात आणि त्यांच्या वर्णपटांची सरासरी काढतात. एका तुकड्याच्या कडेला दबलेला नमुना पुढच्या तुकड्याच्या मध्यावर येतो. हान विंडोत तुकडे निम्मे एकमेकांवर चढवले तरी शेजारच्या दोन तुकड्यांतला सहसंबंध फक्त एक षष्ठांश राहतो, त्यामुळे सरासरीचा फायदा जवळजवळ पुरा मिळतो. डेव्हिड थॉमसन यांनी १९८२ मध्ये याच्याही पुढे जाऊन एकाच नोंदीवर एकमेकांना लंब असलेल्या अनेक विंडो वापरल्या. पहिली विंडो जिथे दाबते तिथली माहिती पुढच्या विंडो उचलतात. त्या विंडोंच्या गणिताचा पाया बेल लॅब्जमध्ये स्लेपियन, पोलॅक आणि लँडाउ यांनी १९६१ मध्येच घालून ठेवला होता. एवढं सगळं हाताशी असताना ‘विंडो डेटा फुकट घालवते’ ही तक्रार टिकत नाही.

आणि आयताकृती विंडो योग्य ठरते अशा जागाही आहेत. विजेतले हार्मोनिक्स मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६१०००-४-७ घ्या. ५० हर्ट्झच्या प्रणालीसाठी ते १० आवर्तनांची, म्हणजे सुमारे २०० मिलिसेकंदांची आयताकृती विंडो सांगतं. पण सांगताना अट घालतं की नमुने घेण्याचा वेग ग्रिडच्या वारंवारतेशी सतत बांधलेला हवा. ग्रिड ४९.९५ वर गेली तर उपकरणानंही आपलं घड्याळ तेवढं हलवायचं, म्हणजे दहा आवर्तनं दहाच राहतात आणि जोड कळत नाही. हे बंधन सुटलं तरच हान विंडोला परवानगी. हातोड्याच्या चाचणीतही तसंच आहे. यंत्राच्या सांगाड्यावर ठोका मारून त्याचा प्रतिसाद मोजताना नोंद शांततेतून सुरू होते आणि शांततेत संपते. तिथे सवयीनं हान लावली तर ठोका ज्या सुरुवातीच्या क्षणांत असतो तिथेच विंडो शून्याजवळ असते आणि मोजायची गोष्टच पुसली जाते. दोन्ही ठिकाणी आयताकृती विंडो कारण देऊन निवडलेली आहे. ‘हात लावायचा नाही’ या मताशी त्या निवडीचा काही संबंध नाही.

हातोड्याचं हे उदाहरण दुसऱ्या मतालाही, म्हणजे ‘सॉफ्टवेअरनं दिलेली ठेवा’ या सल्ल्यालाही उत्तर आहे. त्या सल्ल्यानं रोज होणारं नुकसान कॅलिब्रेशनच्या टेबलावर दिसतं. कंपनमापकाचा सेन्सर तपासण्यासाठी जे हातात मावणारं कॅलिब्रेटर वापरतात ते १५९.१५ हर्ट्झवर थरथरतं, कारण तिथे कोनीय वारंवारता बरोबर १००० रेडियन प्रतिसेकंद होते आणि हिशेब सोपा जातो. विश्लेषकाचे बिन एकेक हर्ट्झचे असतील तर हा सूर १५९ व्या बिनपासून ०.१५ नं सरकलेला पडतो. आयताकृती विंडो तिथे आयाम ३.७ टक्के कमी दाखवते, हान १.४ टक्के. सूर दोन बिनच्या बरोबर मध्ये पडला तर हीच तूट अनुक्रमे ३६ आणि १५ टक्क्यांवर जाते. फ्लॅट-टॉप विंडो याच कामासाठी बनवलेली आहे. तिची चूक सर्वांत वाईट स्थितीतही एका टक्क्याच्या दशांशाच्या आसपास राहते. सेन्सर निर्दोष असतो, केबल ठीक असते, आणि तरी तंत्रज्ञ आकडा जुळत नाही म्हणून अर्धा दिवस घालवतो, कारण यादीतली विंडो बदलायची असते हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मात्र फ्लॅट-टॉपची नॉइज-रुंदी पावणेचार बिनच्या पुढे आहे. शेजारशेजारचे सूर वेगळे करायला ती कुचकामी. कॅलिब्रेशन संपलं की ती बदलायलाच हवी.

आता तक्त्याचा तळ शोधणाऱ्यांकडे वळू. त्यांचा आवडता दाखला हॅमिंग विरुद्ध हान. हॅमिंगचा सर्वांत उंच साइडलोब ४३ डेसिबल खाली, हानचा ३१.५, म्हणजे हॅमिंग सरस, हे उत्तर परीक्षेतही गुण मिळवून जातं. पण हा आकडा एकाच साइडलोबचा आहे, सगळ्या पसाऱ्याचा नाही. हॅमिंग विंडो कडेला शून्यावर येत नाही, ०.०८ वर थांबते. तेवढी आठ टक्क्यांची पायरी जोडावर शिल्लक राहते, आणि त्यामुळे तिचे साइडलोब आयताकृतीसारखेच ऑक्टेव्हला ६ डेसिबलच्या संथ गतीनं उतरतात. हान शून्यावर अलगद टेकते, तिचा उतार १८ चा. दोन्हींची सूत्रं मांडून गणित केलं तर मुख्य शिखरापासून सुमारे ३.७ बिनच्या पुढे हानची गळती कायम हॅमिंगपेक्षा कमी असते. हॅमिंगचं श्रेष्ठत्व दोन ते पावणेचार बिनच्या अरुंद पट्टीपुरतं आहे. आवाज ओळखणाऱ्या प्रणालींत हॅमिंग वर्षानुवर्षं चालली, कारण तिथे फार दूरच्या आणि फार क्षीण सुराचा शोध नसतो.

ती कारखान्यात आणली की फरक पडतो. चार पोलची इंडक्शन मोटर घ्या, ५० हर्ट्झवर चालणारी, पूर्ण भाराला मिनिटाला १४७० फेरे. समकालिक वेग १५००, म्हणजे स्लिप दोन टक्के. रोटरची सळई तुटली असेल तर मोटरच्या करंटमध्ये ४८ आणि ५२ हर्ट्झवर दोन बारीक साइडबँड उगवतात. ते मुख्य सुराच्या ५० डेसिबल खाली आहेत असं धरू. दहा सेकंदांची नोंद घेतली तर बिन ०.१ हर्ट्झचा आणि साइडबँड २० बिन दूर. तिथे आयताकृती विंडोची गळती ३६ डेसिबल खाली असते आणि साइडबँड पुरता गाडला जातो. हॅमिंगची ५३ खाली, म्हणजे तीन डेसिबलच्या फरकानं तंत्रज्ञाला तर्क लढवावा लागतो. हानची ८८ खाली. तक्त्यात हरलेली विंडो इथे तुटलेली सळई स्पष्ट दाखवते.

तीच मोटर जवळजवळ बिनभार, १४९७ फेऱ्यांवर चालवली तर साइडबँड ५० हर्ट्झपासून अवघे ०.२ हर्ट्झ, म्हणजे दोन बिन दूर येतात. इथे कुठलीही विंडो कामाची नाही. नोंद शंभर सेकंदांची घ्यावी लागते आणि तेवढा वेळ भार स्थिर ठेवावा लागतो. शिवाय बिनभार मोटरच्या रोटरमध्ये करंटच इतका कमी असतो की दोष नीट उमटत नाही, म्हणून जाणकार ही चाचणी भाराखालीच करतात. नोंदीची लांबी ही विंडोच्या निवडीआधीची निवड आहे, आणि तक्ते तिच्याबद्दल काही बोलत नाहीत. कमी पडलेली लांबी शेवटी शून्यं जोडून भरून काढता येते, हा समजही इथेच सोडलेला बरा. शून्यं जोडल्यानं आलेखावरचे बिंदू दाट होतात. गळती तेवढीच राहते आणि एकमेकांत मिसळलेले सूर मिसळलेलेच राहतात.

चार पदांची ब्लॅकमन-हॅरिस विंडो ९२ डेसिबलचा आकडा घेऊन येते, आणि क्षीण सूर बलाढ्य सुरापासून दूर असेल तर तिला तोड नाही. पण तिचं मुख्य शिखर पायथ्याशी आठ बिन रुंद आहे, हानच्या दुप्पट. एकाच पायावर बसवलेले दोन पंप, एक १४८० फेऱ्यांवर आणि दुसरा १४८८ वर, दोघांचं कंपन साधारण सारखं, आणि नोंद १८ सेकंदांची असेल तर दोन सुरांत २.४ बिनचं अंतर पडतं. हॅरिस यांनी जवळचे सूर वेगळे दिसण्यासाठी शिखराची ६ डेसिबल खालची रुंदी हा निकष धरला. ती हानची २ बिन आणि ब्लॅकमन-हॅरिसची २.७२. हान दोन पंप दाखवते, ब्लॅकमन-हॅरिस एकच. मग कोणता पंप दुरुस्तीला काढायचा हे ९२ डेसिबल सांगू शकत नाहीत.

तक्त्यावर डोळे झाकून विश्वास टाकणाऱ्यांनी आणखी एक घटना लक्षात ठेवावी. १९८१ मध्ये अल्बर्ट नटॉल यांनी दाखवून दिलं की हॅरिस यांच्या निबंधातल्या काही विंडोंचे साइडलोबचे आकडेच बरोबर नव्हते. त्यांनी दुरुस्त आलेख दिले आणि नव्या विंडोही मांडल्या. हॅरिस यांचं काम त्यानं लहान होत नाही. आजही सुरुवात तिथूनच करावी लागते. पण ज्या तक्त्याच्या जोरावर पिढ्या ‘सर्वोत्तम विंडो’ सांगत आल्या, तो तपासून घ्यायला तीन वर्षं आणि दुसरा माणूस लागला. जेम्स कायझर यांनी दिलेली विंडो या सगळ्या शर्यतीला खरं उत्तर आहे, कारण ती एक विंडो नसून एक बटण आहे. एकच गुणक फिरवला की शिखराची रुंदी देऊन गळतीत सूट मिळते, किंवा उलट. किती द्यायचं आणि किती घ्यायचं हे वापरणाऱ्यालाच सांगावं लागतं, आणि ते सांगण्यासाठी आधी प्रश्न स्पष्ट असावा लागतो.

लायगोच्या विश्लेषणात तेच घडतं. छोट्या सिग्नलला धक्का लागू नये म्हणून तिथे टुकी विंडो वापरतात: मधला भाग सपाट, उतार फक्त कडांना. नॉइजचा वर्णपट वेगळा, वेल्चच्या पद्धतीनं सरासरी काढून मिळवतात. तो वर्णपट गळका निघाला तर पुढचं सगळं चुकतं, कारण सिग्नल शोधणारे फिल्टर त्याच वर्णपटानं भागून तयार होतात. त्या फिल्टरांची पायाभूत मांडणी करणाऱ्यांत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश होते आणि त्यांचं १९९१ चं काम पुण्यातलं आहे. आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतं आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या शोधकांच्या डेटात विजेची रेघ ६० हर्ट्झवर दिसते. इथे ती ५० च्या आसपास असेल आणि ग्रिडबरोबर हलत राहील. तो डेटा हाताळणाऱ्यांत मराठवाड्यातली मुलं-मुली असावीत अशी अपेक्षा रास्त आहे, आणि मग त्यांना आज वर्गात काय शिकवलं जातं याला फार महत्त्व येतं.

म्हणून शिक्षकांना, परीक्षकांना आणि नियतकालिकांच्या संपादकांना एक मागणी. पूर्ण आवर्तनं बसवलेल्या साइन लहरीवर एफएफटी शिकवणं थांबवा. पहिल्याच प्रात्यक्षिकाला सूर साडेदहाव्या बिनवर ठेवा. वर्णपटाच्या प्रत्येक आलेखाखाली विंडोचं नाव, नोंदीची लांबी, तुकडे किती चढवले ते, आणि सूर मोजला की नॉइजची घनता मोजली ते लिहायला लावा. हान विंडोत सुरासाठीची दुरुस्ती नॉइजच्या घनतेला लावली तर उत्तर दीडपट येतं, आणि आलेख पाहून ते कुणालाही कळत नाही. यातलं काहीही न लिहिता ‘कच्चा डेटा’ म्हणून आलेला वर्णपट परत पाठवा आणि विचारा की आयताकृती विंडो का निवडली.